स्टीलची वाटी चुंबकाला का चिकटत नाही? पहिली-दुसरीच्या मुलांना चुंबक शिकवताना

पहिलीच्या वर्गावर असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "लोखंडाच्या वस्तू चुंबकाला चिकटतात, बाकीच्या चिकटत नाहीत, असं सांगून मी मुलांना प्रयोगाला बसवलं. जेवणाच्या डब्यातला स्टीलचा चमचा चिकटला, पण त्याच डब्यातली स्टीलची वाटी काही केल्या चिकटेना. एका मुलीनं विचारलं, 'बाई, वाटी खोटी आहे का?' मला उत्तर देता आलं नाही. चुंबकीय आणि अचुंबकीय वस्तू हा भाग एवढ्या लहान मुलांना नीट कसा शिकवायचा?"

ताई, आधी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्याच प्रश्नात आहे.

वाटी खोटी नाही. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात इतर धातू मिसळून केलेलं मिश्रण, आणि त्याच्या पुष्कळ जाती आहेत. गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम घालतात. नुसतं क्रोमियम घातलेलं स्टील चुंबकाकडे ओढलं जातं. पण त्यात पुरेसं निकेल घातलं, किंवा स्वस्त भांड्यांसाठी मँगनीज आणि थोडं निकेल घातलं, की आत लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि ते स्टील चुंबकाला दाद देत नाही. काही भांड्यांच्या बुडाशी १८/८ असा आकडा असतो. त्याचा अर्थ १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. यातली नवलाची गोष्ट म्हणजे निकेल स्वतः चुंबकाकडे ओढला जाणारा धातू आहे. म्हणजे ओढलं जाणारं लोखंड आणि ओढलं जाणारं निकेल एकत्र येऊन न ओढली जाणारी वाटी तयार होते! चमचे बहुधा निकेल नसलेल्या स्टीलचे असतात, म्हणून ते ओढले जातात. सुरीचं पातं तर जवळजवळ नेहमीच ओढलं जातं, कारण धार टिकवणारं कडक स्टील चुंबकीय जातीचंच असतं.

आणखी एक करून पाहा. तीच वाटी घ्या, चांगला जोरदार चुंबक घ्या आणि तिच्या मुडपलेल्या काठावरून हळूहळू फिरवा. पुष्कळदा काठापाशी अगदी हलकी ओढ जाणवते, बुडाशी मात्र काहीच नाही. पत्रा दाबून, ताणून, मुडपून वाटी करतात तेव्हा जिथं धातूला जास्त मार बसतो तिथं त्याची आतली मांडणी थोडीशी परत बदलते. एकाच वाटीचा काठ ओढला जातो आणि बूड ओढलं जात नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती.

हे सगळं सहा वर्षांच्या मुलीला सांगायचं नाही. तिला एवढंच पुरे: "वाटी खरी आहे. तिच्यात लोखंड आहे, पण त्यात दुसरे धातू असे मिसळलेत की चुंबक तिला ओढत नाही. आपण आणखी कुठल्या भांड्यांचं असं होतं ते बघूया का?" मूल याच्यावर समाधानी होतं. खोटं सांगितलं, किंवा "ती वाटी राहू दे बाजूला" म्हटलं, तर होत नाही. मी सुरुवातीची वर्षं हेच करत होते. फळ्यावर दोन रकाने, डावीकडे खिळा, टाचणी, कात्री, उजवीकडे खडू, रबर, पान. रकान्यात न बसणारी वस्तू कुणी आणली की ती बाजूला. तेव्हा बाजूला ठेवलेल्या त्या वस्तूंतच खरा धडा होता, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नियम आधी सांगू नका. आधी नियम सांगितला की प्रयोग फक्त बाईंचं म्हणणं खरं ठरवण्यापुरता उरतो. मग वाटी चिकटली नाही की मुलाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं, किंवा वाटीच खोटी. नियम सांगितलाच नसेल तर वाटी ही नुसती एक बातमी असते.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपण सगळे सहज "चिकटतं" म्हणतो. पण मुलांच्या जगात चिकटतो तो डिंक, चिकट असतो तो गूळ, आणि ओल्या बोटाला कागदाचा कपटाही चिकटतो. "चुंबकाला चिकटतं" ऐकलं की काही मुलं चुंबकावर बोट घासून बोटाचा वास घेतात, चिकट काय लागलंय ते बघायला. माझ्या वर्गात एकानं खडूचा तुकडा थुंकी लावून चुंबकाला लावला आणि "बाई, खडूपण चिकटला" म्हणून हात वर केला. त्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी "ओढतं" हा शब्द धरला आहे. चुंबक ओढतो. आणि ही ओढ स्पर्श होण्याआधीच सुरू होते, हे मुलांच्या हाताला कळलं पाहिजे.

त्यासाठी पहिल्या दिवशी मी एकच खेळ घेते. एका खिळ्याला दोरा बांधायचा. मुलानं डोळे मिटून दोरा चिमटीत धरायचा, खिळा खाली लोंबता. मी चुंबक बाजूनं हळूहळू जवळ आणते, पण टेकवत नाही. खिळा तिरका होऊन ताणला जातो आणि दोरा बोटांत सरकू लागतो. तोंडावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं. कुणी म्हणतं, "बाई, तुम्ही दोरा ओढताय." डोळे उघडायला सांगते. खिळा हवेत तिरका, चुंबक बोटभर लांब, मध्ये काहीच नाही. वर्गात चोवीस मुलं असतील तर चोवीस जणांना हे करू द्यावं, घाई करू नये. त्या तासाला दुसरं काही शिकवलं नाही तरी चालतं.

आता साहित्य. प्रयोगशाळेच्या दुकानातले लाल-निळे पट्टीचुंबक शाळेच्या पेटीत असतात, पण ते नीट न ठेवल्यानं बहुधा मंद झालेले असतात. शिवाय मुलं रंगालाच चुंबक समजतात, लाल बाजू म्हणजे चुंबक आणि निळी म्हणजे धरायची जागा. मला जुन्या स्पीकरमधली काळी गोल चकती सर्वांत सोयीची वाटते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात किंवा भंगारात मिळते, जोरदार असते, गिळता येणार नाही एवढी मोठी असते. ती मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ असते, पडली की फुटते, तेवढं सांभाळायचं. फुटलीच तर कडा बोचणार नाहीत असे मोठे तुकडे ठेवून द्या. प्रत्येक तुकडा आपापला पुरा चुंबक असतो, आणि हे मुलांना पाहूनही खरं वाटत नाही. चार मुलांत एक चकती पुरते.

वस्तू मुलांनाच आणायला सांगा, पण तुमच्याकडचीही एक पिशवी तयार ठेवा, कारण काही वस्तू मुद्दाम हव्यात. सोनेरी सेफ्टी पिन आणि पितळेची छोटी घंटी, दोन्ही पिवळ्या. पिन ओढली जाते, कारण आत लोखंड आणि वर फक्त मुलामा. घंटी ओढली जात नाही, पण तिचा आतला लोलक कधी कधी ओढला जातो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि डबा गुंडाळायचा चांदीचा कागद, दोन्ही चकचकीत. डबा ओढला जातो, कागद नाही, तो ॲल्युमिनियमचा. रंग दिलेली लोखंडी बिजागरी. जुनं पितळी फुलपात्र. तांब्याच्या तारेचा तुकडा. पेन्सिलीला टोक करायचं शार्पनर. सेल. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच. आणि नाणी. सध्याचे एक आणि दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे असून टणकन चकतीवर येतात. जुनं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, ते जागचं हलत नाही. ॲल्युमिनियमचे जुने पाच-दहा पैसेही नाहीत. कुणाच्या आजोबांकडे १९६०च्या दशकातलं ५० पैशांचं नाणं असेल तर अवश्य मागवून घ्या. ते शुद्ध निकेलचं आहे, त्यात लोखंड नावालाही नाही, आणि तरीही चुंबक ते ओढतो. मुलांपेक्षा शिक्षकांनाच त्याचं जास्त आश्चर्य वाटतं.

बघण्याआधी अंदाज. हा भाग कधीच गाळू नका. जमिनीवर खडूनं दोन मोठी रिंगणं काढते, एक "ओढतो", एक "ओढत नाही". वस्तू मध्ये ठेवायची आणि प्रत्येकानं आपला चिंचोका ज्या रिंगणाला वाटेल तिथं टाकायचा. मग चुंबक लावायचा. चिंचोका टाकला की मूल त्या उत्तरात गुंततं. नुसतं बघत बसलेल्या मुलाला निकालाचं काही सोयरसुतक नसतं. अंदाज चुकला म्हणून चिंचोका परत घ्यायचा नाही, गुण द्यायचे नाहीत, हसायचं नाही. विचारायचं एकच: "तुला असं का वाटलं होतं?" इथं मुलांच्या डोक्यातले नियम बाहेर पडतात. "चकचकीत आहे म्हणून." "जड आहे म्हणून." "थंड लागतं म्हणून." "वाजतं म्हणून." हे सगळे नियम निरीक्षणातूनच आलेत, फक्त अपुरे आहेत. चकचकीतला चांदीचा कागद उत्तर देतो, जडला पितळेचं फुलपात्र. तुम्ही काही बोलायची गरज पडत नाही, फक्त पुढची वस्तू नेमकी निवडायची.

मागे एकदा दुसरीच्या वर्गात वही आली. सगळे चिंचोके "ओढत नाही"मध्ये. वही कागदाची, त्यात काय बघायचं? एका मुलीनं चकती वहीच्या पुठ्ठ्यावर लावली, काही नाही. पानांवर लावली, काही नाही. ती चकती उचलताना वहीच्या मधल्या घडीवरून गेली आणि टक् असा आवाज आला. तिनं चकती उचलली तर वही तिच्याबरोबर लोंबकळत वर आली. वर्ग गप्प. मग तिनं वही मधोमध उघडली आणि दोन स्टेपलच्या पिनांवर बोट ठेवलं. त्यानंतर अर्धा तास कुणीही जागेवर नव्हतं. दप्तराची बक्कल, बाकाचा खिळा, दाराची कडी, केसांच्या पिना, खिडकीचे गज, शार्पनरचं फक्त पातं, चपलेच्या तळात ठोकलेली चूक, म्हणजे बारीक खिळा. त्या दिवशी मुलांनी आपणहून "वही ओढली जाते" म्हणणं सोडून "वहीतली पिन ओढली जाते" म्हणायला सुरुवात केली. वस्तू आणि ती ज्याची बनली तो पदार्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी किती तरी वेळा फळ्यावर सांगितलं होतं. ते एका पिनेनं समजावलं.

तेव्हापासून मी दोन रिंगणं एकमेकांत थोडी शिरलेली काढते. मधली जागा "थोडं ओढतो" किंवा "कोडं" म्हणून. शार्पनर तिथं, वही तिथं, घंटी तिथं. आणि तुमची वाटीही तिथंच, काठासकट.

हात फिरू लागला की मुलं बाहेरचं जग आणतात. भंगारवाले काका पितळेच्या नावाखाली दिलेल्या नळाला आधी चुंबक लावून बघतात, हे आमच्या एका मुलानंच वर्गात सांगितलं. शिंपीकाका सांडलेल्या टाचण्या चुंबकानं गोळा करतात. इंडक्शन शेगडीसाठी भांडं घेताना दुकानदार बुडाला चुंबक लावून दाखवतो, कारण चुंबक धरेल असं बूड नसेल तर ती शेगडी भांडं तापवत नाही. अशी माणसं गावात असतील तर पाच मिनिटं वर्गात बोलवा.

आता माझा सर्वांत आवडता तास, जो वर्गाबाहेर होतो. चकती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि मैदानातल्या कोरड्या मातीतून किंवा ओढ्याच्या वाळूतून ओढत न्यायची. पिशवीला बाहेरून काळ्या बारीक कणांची दाढी येते. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्या खडकात मॅग्नेटाईट नावाचं लोहाचं खनिज असतं. खडक झिजून माती होते तेव्हा हे कण मागे उरतात आणि पाण्याबरोबर ओढ्याच्या वळणावर साठतात. कोकणात शाळा असेल तर किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूच्या पट्ट्यात हे आणखी सुरेख होतं. चकती पिशवीतून बाहेर काढली की कण आपोआप कागदावर गळून पडतात. पिशवी न वापरता चकती थेट मातीत घातली तर ते कण निघता निघत नाहीत, आणि मुलं ते फुंकायला जातात तेव्हा डोळ्यांत उडतात. माझ्या वर्गात एकदा हे झालं आहे. डोळा धुऊन सगळं ठीक झालं, पण पुन्हा कधी उघडे कण मुलांच्या हातात दिले नाहीत. गोळा केलेले कण पारदर्शक बाटलीत घालून झाकण टेपनं पक्कं बंद करा, मग बाहेरून चुंबक फिरवू द्या.

या तासाला एखादं हुशार मूल हमखास विचारतं की आठवड्याला मिळते ती लोहाची गुलाबी गोळी ओढली जाईल का. लावून बघा. ओढली जात नाही. तिच्यातलं लोह दुसऱ्या पदार्थाशी जोडलेलं आहे, ते खिळ्यासारखं सुटं लोखंड नाही. रक्तातल्या लोहाचंही तसंच. लोखंडी गजावरचा लाल गंज खरवडून कागदावर घ्या, तोही खिळ्यासारखा उडी मारून येत नाही. म्हणजे बघा, गोळी, गंज आणि वाटी तिन्ही एकाच ओळीत बसतात: लोह आहे, पण चुंबकाला हवं तसं नाही. दुसरीच्या वर्षअखेरीस मुलं हे बरोबर पकडतात, फक्त तोवर त्यांच्या हातातून पन्नासेक वस्तू गेलेल्या असाव्या लागतात.

चुंबक कागदातून, पाण्यातून, काचेतून, तळहातातून ओढतो हे दाखवायला वेळ लागत नाही. पेल्याच्या तळाशी पडलेली टाचणी हात न भिजवता वर आणा, एवढं पुरे. उत्तर-दक्षिण ध्रुव, दोन चुंबकांनी एकमेकांना दूर लोटणं, हे या वयात खेळ म्हणून येऊ दे, शब्द म्हणून नको. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी घरोघर पोहोचवलेली चकत्यांवर तरंगणारी पेन्सिल जमली तर जरूर करा, मुलं वेडी होतात. त्यामागचं विज्ञान पुढच्या इयत्तांसाठी ठेवा, सहावीच्या विज्ञानात चुंबक सविस्तर येतोच. "चुंबकीय" आणि "अचुंबकीय" हे शब्दही मी अगदी शेवटी, मुलं स्वतः रिंगणांना नाव शोधू लागली की सांगते. आधी सांगितले तर "चुंबकीय वस्तू" म्हणजे चुंबकच, असा घोळ होतो आणि मुलं खिळ्यानं खिळा ओढून बघत बसतात.

शिकलं की नाही हे बघायला प्रश्नपत्रिका नको. पूर्वी कधी न पाहिलेली एक वस्तू समोर ठेवा, उदाहरणार्थ अडकित्ता. मूल "लोखंड आहे, ओढणार" एवढंच म्हणालं तर ते पाठ केलेलं असू शकतं. "पातं बघू, मग मूठ बघू, मूठ पितळेची दिसतेय" म्हणालं, तर तुमचं काम झालं.

एका बाबतीत मात्र अजिबात सवलत नको. बाजारात मटारएवढे चकचकीत चुंबकाचे गोळे खेळणं म्हणून मिळतात. ते वर्गात येऊ देऊ नका, पालकांनाही बैठकीत सांगा. एखादं मूल असे दोन गोळे गिळतं तेव्हा ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना धरतात, मधे सापडलेलं आतडं चेपलं जातं आणि त्याला भोक पडू शकतं. मूल सुरुवातीला हसत-खेळत असतं, म्हणून "पडेल शौचावाटे" म्हणून थांबायचं नाही. शंका आली तरी त्याच तासाला दवाखाना आणि एक्स-रे. तास संपला की चकत्या मोजून पेटीत, आणि मोबाईल, एटीएम कार्ड आणि कुणाचं कानातलं ऐकण्याचं यंत्र असेल तर ते चुंबकापासून लांब. पट्टीचुंबक वापरत असाल तर दोन पट्ट्या विरुद्ध टोकं शेजारी येतील अशा ठेवून दोन्हीकडच्या टोकांना लोखंडाचे तुकडे लावा, वर्षानुवर्षं मंद होत नाहीत.

उद्या वर्गात गेलात की त्या मुलीला आधी सांगा की तिचा प्रश्न मोठा होता आणि तुम्ही त्याचं उत्तर शोधून आणलंत. मग वाटीच्या काठावरून चकती तिलाच फिरवू द्या. आणि एक मोठी चकती, चिठ्ठी लिहून, शनिवारी तिच्या घरी पाठवा. घरात किती वाट्या ओढल्या जातात, किती नाही आणि किती नुसत्या काठाला, ते आजीबरोबर मोजून तिनं सोमवारी सांगायचं.